दोन भिंगांची पेटी

संत्र्याच्या आंबिया बहाराचा शेवटचा तोडा बुधवारी उतरला आणि त्याच संध्याकाळी, तोड्यासाठी रजा घेऊन आलेल्या मधुकरने घरात सांगून टाकलं, की रविवारी केशवराव सौंसरहून पेटी घेऊन येतील, तेव्हा सगळ्यांनी घरीच राहावं. त्यानंतरचे तीन दिवस पांढुर्ण्याच्या त्या घरात दुसरा विषय नव्हता. मालतीने पेटी अजून पाहिलेली नव्हती. पण तिच्यापायी आपला दीर आणि नणंद एकमेकांशी बोलेनासे झालेले मात्र ती पाहत होती, आणि नवल तिला त्याचंच वाटत होतं. मधुकर आणि इंदू ही पाठोपाठची भावंडं, एका ताटात जेवून वाढलेली. मालतीला या घरात येऊन बारा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिने त्या दोघांत वाकडा शब्द ऐकला नव्हता.

पेटीची बातमी आणली होती ती इंदूनेच. तिला सौंसरला दिलेलं, तोड्यापुरती ती माहेरी आली होती. तिथल्या बाजारात केशवरावांचा फोटो स्टुडिओ होता, चाळीस वर्षांचा. आता दुकान बंद करून ते मुलाकडे नागपूरला निघाले होते. सामान आवरताना जुन्या कार्डांचा एक खोका निघाला. तरुणपणी केशवरावांनी हौसेने दोन भिंगांचा कॅमेरा घेतला होता. त्यात एकाच देखाव्याचे दोन फोटो एकदम निघायचे, बोटभर अंतरावरून, आणि ते दोन्ही एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवायचे. तो पुठ्ठा लाकडी पेटीच्या खाचेत बसवायचा आणि पेटी डोळ्यांना लावायची. दोन फोटोंचा एक होतो, आणि फोटोतलं सगळं उठून, फुगून, खरंखुरं होऊन पुढ्यात उभं राहतं. असल्या शंभर-सव्वाशे कार्डांत एक कार्ड इंदूच्या वडिलांचं निघालं. सन एकसष्टमधले भगवंतराव, संत्र्याच्या बैलगाडीपाशी उभे.

भगवंतरावांना जाऊन अठरा वर्षं झाली होती. घरात त्यांचा एकच फोटो, लग्नातल्या उसन्या कोटातला, ओठ घट्ट मिटलेले. मालतीने सासरे पाहिले ते तेवढेच.

इंदूने मधुकरला निरोप पाठवला. तो मोहगावच्या शाळेत मास्तर, दर शनिवारी घरी यायचा. त्या शनिवारी तो आधी सौंसरला उतरला, पेटीत पाहून आला आणि घरी येऊन जेवला नाही. मालतीने विचारलं तेव्हा म्हणाला, "वहिनी, मी बाबाले भेटून आलो." तेव्हापासून पेटी घ्यायचीच असं त्याने धरलं. केशवरावांकडे नागपूरचा एक शौकीन येऊन गेला होता, तो सगळंच उचलायला तयार होता. पण केशवरावांचं मन असं होतं, की ज्या घरचा माणूस कार्डावर आहे त्या घरी पेटी जावी. सोमवारपर्यंत ते थांबणार होते.

आणि आता इंदूच म्हणत होती, घेऊ नका.

का, ते तिने मधुकरला सांगितलं नाही. शनिवारी संध्याकाळी चुलीपाशी मेथी निवडता निवडता मालतीला सांगितलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रडत घरी गेली होती. दुसऱ्या मंगळवारी बाजाराच्या निमित्ताने पुन्हा गेली, तेव्हा हसत आली. मग तिला मंगळवारचीच ओढ लागून राहिली. सात मंगळवार ती केशवरावांच्या दुकानात स्टुलावर बसली होती. शेवटच्या मंगळवारी लेकीला ताप होता, तिला सासूच्या मांडीवर टाकून ही गेली.

"पोरगी फणफणून राहिली होती, वहिनी, अन् मी बाबापाशी बसली होती. मले घरची याद नाही आली." इंदूने मेथीची काडी मोडली. "मी तं बाहेर निघाली. आईचं काय होईन, सांग. ती उठणारच नाही तिथून."

मालतीने तिच्यापुढची जुडी आपल्याकडे ओढून घेतली.

घरात शेवटचा शब्द देवीदासचा, म्हणजे मालतीच्या नवऱ्याचा. वडील गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. तेव्हापासून बगीचा, भावाचं शिक्षण, बहिणीचं लग्न, सगळं त्यानेच ओढलं. कमी बोलणारा माणूस. मधुकरने आठवडाभर बोलून बोलून घसा बसवला, तरी तो एवढंच म्हणाला, की आधी पाहू. आणि सासूबाई, जयवंताबाई, त्यांनी तर हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं. फक्त एकदा विचारलं होतं, की त्या फोटोत डोक्यावर टोपी आहे का. मधुकर म्हणाला, नाही. त्या म्हणाल्या, "मंग तोच असन. टोपी ठरतच नव्हती त्याच्या डोक्यावर."

रविवारी नवाच्या बसने केशवराव आले. वाळकी अंगकाठी, जुना कोट, फोटो धुण्याच्या औषधांनी काळी पडलेली बोटं. पेटी त्यांनी मुलाला घ्यावं तशी दोन्ही हातांनी धरली होती, फडक्यात गुंडाळून. पेटीला उजेड लागतो, तेही उन्हाचा, म्हणून अंगणात लिंबाच्या सावलीबाहेर बाक टाकला. मालतीचा भाऊ मनोहर तेवढ्यात आलाच. जाम नदीपलीकडे सावरगाव, तिथलं तिचं माहेर, पायी वीस मिनिटांचं. तोड्याचे आठही दिवस तो इथेच राबला होता आणि रविवारी बहिणीकडे चहाला येणं हे तर त्याचं ठरलेलंच.

पेटी म्हणजे बघायला काहीच नव्हती. शिशवी लाकूड, पुढे दोन भिंगं, त्यांच्याभोवती चेहरा टेकवायला पत्र्याची कड, मागे खाच. केशवरावांनी बजावलं, की वडिलांचं कार्ड शेवटी. आधी डोळ्यांना सवय होऊ द्या. आणि त्यांनी खाचेत समुद्र बसवला.

समुद्र त्या घरात कोणीच पाहिला नव्हता. जयवंताबाईंनी पेटी डोळ्यांना लावली आणि पाय वर घेतले. बाकावर मांडी घालूनच बसल्या. विचारलं तर म्हणाल्या, लुगडं भिजन. मनोहर बघतच राहिला, त्याच्या हातातून पेटी ओढून घ्यावी लागली. मालतीचा मुलगा पाहून झाल्याबरोबर मित्रांना सांगायला पळाला. मग मालतीची पाळी आली.

आधी तिला दोन चित्रं दिसली, एकमेकांवर सरकणारी. मग ती दोन्ही एका जागी येऊन बसली आणि आत दार उघडावं तसं झालं. दगड इथे होता, लाट त्याच्या पुढे होती, तिच्यामागे दुसरी, आणि त्यामागे पाणी, पाणी, थेट आभाळाच्या बुडापर्यंत. चित्र सपाट असतं, त्याच्या मागे भिंत असते, एवढं तिला ठाऊक होतं. इथे मागे जागा होती. चालत जाता येईल एवढी. ती लाट थांबलेली होती आणि तरी आता पडेल, आता पडेल असं होऊन मालतीने श्वास धरून ठेवला. गावात दोन घरी टीव्ही आला होता, तिने तोही पाहिला होता. त्यात माणसं हलत होती, पण ती खोक्यातच होती. इथे खोकाच नव्हता. पेटी खाली केली तेव्हा अंगण, लिंब, वाळत घातलेल्या वड्या, हे सगळंही तिला तसंच दिसू लागलं. एकापुढे एक, एकामागे एक. आपण जन्मभर हे असंच पाहत होतो आणि पाहिलंच नव्हतं, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं.

देवीदास म्हणाला, मी शेवटी पाहीन.

केशवरावांनी दुसरं कार्ड बसवलं आणि या वेळी काही न बोलता पेटी जयवंताबाईंच्या हातात दिली.

त्यांनी ती लावली. बराच वेळ त्यांचा चेहरा पत्र्याच्या कडेआड होता, फक्त हनुवटी दिसत होती. मग त्यांचा उजवा हात पेटीवरून सुटला आणि हळूहळू पुढे गेला, हवेत, पंजा उघडा. काहीतरी घ्यायला जावा तसा. तो तिथेच थांबला. इंदूने तोंड फिरवलं. केशवराव खाली पाहत म्हणाले, की त्या दिवशी संत्र्याचं पहिलं पीक मालगाडीत चढणार होतं. भगवंतराव टोपल्यातलं संत्रं काढून मला देत होते, घ्या म्हणून. मी म्हटलं, हात तसाच ठेवा, आणि खटका दाबला.

जयवंताबाईंनी पेटी खाली ठेवली. डोळे कोरडे होते. त्या फक्त आपल्या पंजाकडे पाहत राहिल्या.

मालतीने पेटी लावली. चित्रं सरकली, बसली, आणि एक माणूस तिच्यापुढे उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोकं उघडं, केस वाऱ्याने उडालेले. तोंड हसण्याच्या बेतात. त्याचा हात सरळ तिच्याकडे आलेला, इतका, की संत्र्याच्या सालीवरचे बारीक खड्डे दिसत होते आणि ते संत्रं त्याच्या छातीपेक्षा तिच्या नाकाजवळ होतं. खांदे देवीदासचे होते. मान इंदूची. बारा वर्षं ज्याच्या फोटोला आपण हार घालतो, ज्याच्या श्राद्धाची खीर करतो, तो हा, आणि हा आपल्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठा. तिचा एक हात पुढे झालाच. दुसऱ्या हाताने तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला. पेटी तेवढी तिरकी झाली आणि सासरे मोडून दोन फोटो झाले.

तिने पदर ओढलेला सगळ्यांनी पाहिला. कोणी हसलं नाही.

मनोहरचाही हात पुढे गेला. मधुकर उभा राहून हे सगळं बघत होता. जिंकल्यासारखा, पण डोळे भरलेले. मग पेटी देवीदासच्या हातात आली.

तो बाकावर नीट बसला. पेटी लावली. मालती त्याच्या हातांकडे पाहत होती, कारण आता ते उठणार हे तिला ठाऊक होतं. या माणसाने वडिलांसाठी कधी कोणासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, पण झोपेत "बाबा" म्हणताना तिने त्याला किती वेळा ऐकलं होतं. ती वाट पाहत राहिली. देवीदास इतरांपेक्षा जास्त वेळ पाहत होता. एकदा त्याने पेटी थोडी पुढे केली, एकदा मागे. दोन्ही हात पेटीच्या बाजूंना घट्ट होते. ते उठले नाहीत.

"चांगला आहे फोटो," तो म्हणाला आणि पेटी मांडीवर ठेवली. "साफ आहे. असं करू, याचाच मोठा करून घेऊ अन् भिंतीवर लावू. पेटी कायले पाहिजे?"

मधुकरला वाटलं, दादा मस्करी करतो आहे. मग कळलं, की नाही. तो समजावू लागला, की भिंतीवरचा फोटो वेगळा, हे वेगळं. देवीदास म्हणाला, मले तं काही वेगळं दिसलं नाही, तुम्ही सगळे उगाच भारावले. इंदूचा पक्ष एवढा बळकट झाला, तरी ती दादाकडेच निरखून पाहत होती. तिच्या कपाळाला आठी पडली होती. बोलण्यावरून बोलणं वाढलं आणि मधुकरचा तोल गेला.

"बाबा गेले अन् घर तुझ्या हाती आलं," तो म्हणाला. "आता ते दारी येऊन उभे राहिले तं तुले नको झाले."

देवीदासने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. पाहिलं आणि मान खाली घातली. तो उलटून काहीच बोलत नाही याचीच मालतीला भीती वाटली.

केशवराव पुढे झाले. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. म्हणाले, "देवीदासभाऊ, माझं एक ऐका. पुन्हा लावा अन् एकेक डोळा मिटून पाहा."

"पाह्यलं मी."

"एकदाच. मले सांगा काय दिसते."

देवीदासने पेटी उचलली नाही. केशवराव मग सगळ्यांना उद्देशून पण कोणाकडेच न पाहता बोलले. ही पेटी काही करत नाही, सगळं दोन डोळे करतात. एक डोळा एक फोटो घेतो, दुसरा दुसरा, आणि मधली जागा आत डोक्यात तयार होते. चाळीस वर्षांत शेकडो लोकांनी यात पाहिलं. सगळ्यांचे हात उठले. चार-पाच जणांचे उठले नाहीत. त्यांनाही फोटो साफ दिसत होता.

सगळ्यात आधी समजलं ते मनोहरला. तो बाकापासून दोन पावलं मागे सरला. "भाऊजी," तो म्हणाला, "डाव्या डोळ्यानं तुमाले दिसते का?"

नऊ वर्षांपूर्वीचा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पाडवा, गोटमारीचा दिवस, मालतीच्या पुढे आला. त्या दिवशी नदीच्या या काठावर पांढुर्णा आणि त्या काठावर सावरगाव, मध्ये झेंडा, आणि दोन्हीकडून गोटे चालतात. वर्षभर एकमेकांच्या लेकी करणारी माणसं त्या एका दिवशी एकमेकांची डोकी फोडतात. त्या वर्षी देवीदासला उचलून आणलं होतं, अर्धा चेहरा रक्ताने माखलेला. मालतीला आठवा महिना लागला होता, पुढच्या पंधरवड्यात ती बाळंतपणाला सावरगावला जायची होती. जयवंताबाई ओसरीत उभ्या राहून म्हणाल्या होत्या, माझ्या पोराचा डोळा गेला असन तं सावरगावचा माणूस या दारात पाय ठेवणार नाही, अन् या दारातली सून त्या गावी जाणार नाही. आणि त्या बोलल्या की बोलल्या. चुलत्यांशी तुटलेलं त्यांनी चुलते मरेपर्यंत जोडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली. देवीदासने सगळ्यांसमोर डोळा उघडला, वरून तो बरा दिसत होता, थोडा लाल. म्हणाला, दिसते. आणि पंधरा दिवसांनी त्याने स्वतः बैलगाडी जुंपून मालतीला नदीपार पोहोचवलं. त्या घरी तिचा मुलगा झाला. तिच्या आईने त्याला तेल लावलं, न्हाऊ घातलं, सहा महिने मांडीवर खेळवलं. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली.

"मले तुम्ही असं धरून काय बसले?" देवीदास म्हणाला. "काम होते माझं. नऊ वर्षं झाली, कोणाले फरक पडला?"

नऊ वर्षं. चहा ओततानाही तो कपाला किटलीचं तोंड टेकवून मग ओतायचा. जेवायला डावा खांदा भिंतीला लावून बसायचा. बाजारात चालताना मालतीला नेहमी डाव्या हाताला घ्यायचा, आणि ती मैत्रिणींना कौतुकाने सांगायची, की आमचे हे मला गर्दीत एकटं सोडत नाहीत. रोज शेजारी झोपणाऱ्या माणसाची अर्धी बाजू अंधारात होती आणि त्याने ती तिलाही कळू दिली नव्हती. डोळ्याचं घरात कळलं असतं तर ती माहेरी जाऊच शकली नसती. हे तिला आत्ता, या अंगणात, एकेक करून कळत होतं. पेटीतली चित्रं सरकत सरकत एका जागी येऊन बसावीत तसं.

मनोहर अजून उभाच होता. त्याने सांगितलं, की त्या वर्षी तो नदीत उतरला होता. ज्या घडीला भाऊजी पडले त्या घडीला त्यांच्या समोर तोच होता आणि त्याच्या हातून गोटा नुकताच सुटला होता. नऊ वर्षं तो हे स्वतःशी बोलत आला होता, की डोळा तर वाचला, मग कशाला सांगायचं.

"माझाच असन तो," तो म्हणाला.

"समोर दोनशे माणसं होती," देवीदास म्हणाला. "गोट्यावर नाव नसते. तू पुन्हा हे बोलायचं नाही."

जयवंताबाई उठल्या. लेकाच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि आपला पंजा त्याच्या डाव्या डोळ्यापाशी नेला, पापणीला लागेल इतका जवळ. तो समोर पाहत होता. पापणी हलली नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि तिथेच त्याच्या शेजारी बसल्या.

मनोहरने चपला पायात सरकवल्या. मालती भावाकडे पाहत होती, सासूकडे पाहायची तिची छाती नव्हती. सासूच्या नऊ वर्षांपूर्वीच्या त्या एका शब्दाने आज काय काय तुटणार होतं, ते तिने मनात मोजूनही टाकलं होतं.

"मनोहर," जयवंताबाई म्हणाल्या. "कोठी चालला? बस. चहा होऊन राहिला."

चहा चुलीवर नव्हताच. मालती उठली आणि आत जाऊन चूल पेटवताना पदराने तोंड दाबून रडली.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा पेटीचं बोलणं पुन्हा निघालं होतं, पण आता सगळं फिरलं होतं. मधुकर भावाच्या पायाशी जमिनीवर बसला होता आणि म्हणत होता, नको आपल्याला ती पेटी, दादाला दिसत नाही तर कोणालाच नको. केशवराव आवराआवर करू लागले होते. इंदूने इतका वेळ पोटात ठेवलेलं आता सगळ्यांसमोर सांगितलं, मंगळवारांचं, लेकीच्या तापाचं. आईला भीती घालायची म्हणून नाही, म्हणाली, पण ते ओढते.

जयवंताबाईंनी तिचं ऐकून घेतलं. मग त्या बोलल्या, आणि त्या रविवारी एवढंच लांब बोलल्या.

"मले नाही ओढणार ते, इंदू. मी पाह्यलं. तो हसून राहिला, संत्रं देऊन राहिला. त्याले काहीच माहीत नाही. तुम्ही मोठे झाले हे माहीत नाही, मी म्हातारी झाली हे माहीत नाही. देवीदासनं काय सोसलं तेही माहीत नाही. तो आपला तिथीच उभा हाये. मी त्याच्यापाशी जाऊन काय बोलू? माझी माणसं तं इथी हाये."

मग घ्यायची नाही तर, असं मधुकर म्हणाला.

"घ्यायची," देवीदास म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो पेटीच्या लाकडावरून अंगठा फिरवत होता. म्हणाला, की मघाशी खोटं बोललो. मला वाटलं, ही पेटी घरात राहिली तर आज ना उद्या हे निघणार, म्हणून नको म्हटलं. आता निघालं. तुमचे हात उठले ते मी पाह्यले. आईचा पाह्यला. तेवढं दिसलं मले. ते घरातून नागपूरच्या माणसाकडे काऊन जाऊ द्यायचं?

इंदूने एकच अट घातली. पेटी कोणी एकट्याने पाहायची नाही. शेजारी दुसरं माणूस पाहिजे, घरचं, बोलणारं. तिने ती अट दोनदा म्हणून घेतली, आधी मधुकरकडून, मग आईकडून. देवीदासकडून म्हणून घ्यायला तिला सुचलं नाही.

केशवराव दुपारच्या बसने गेले. त्यांनी समुद्राचं कार्डही ठेवून घ्या म्हटलं, आणि फाटकापर्यंत पोहोचवायला आलेल्या मधुकरला सांगितलं, की बाकीचा खोका नागपूरच्या माणसाने नेला तरी आता आपल्याला वाईट वाटणार नाही. मनोहर संध्याकाळी गेला. निघताना जयवंताबाईंनी त्याच्या पिशवीत संत्री भरली, हात थकेपर्यंत.

सोमवारी सकाळी मधुकर मोहगावला गेला, इंदू सौंसरला, मुलगा शाळेत. घर रिकामं झालं. मालती भांडी घासत होती तेव्हा देवीदासने तिला अंगणातून हाक मारली. तो बाकावर बसला होता, ऊन नुकतंच तिथवर आलं होतं. पेटी मांडीवर होती, वडिलांचं कार्ड खाचेत बसवलेलं.

"बस," तो म्हणाला. "तू पाह्य अन् मले सांग."

ती हात पुसून त्याच्या शेजारी बसली, डाव्या बाजूला. रात्रभर तिला त्याला पुष्कळ काही विचारायचं होतं, काही भांडायचंही होतं. ते सगळं बाजूला ठेवून तिने पेटी लावली. चित्रं सरकली आणि बसली.

तिने सुरुवात संत्र्यापासून केली. ते सगळ्यात पुढे आहे, म्हणाली, इतकं पुढे, की हात लागेल. मग बाबांची बोटं. मग मनगट, मग कोपर, ते बरंच मागे. कोपराच्या मागे छाती. सदऱ्याचं एक बटण तुटलेलं आहे. गळ्यातला दोरा सदऱ्याला चिकटलेला नाही, मध्ये हवा आहे. देवीदास डोळे मिटून ऐकत होता. डावा आणि उजवा, दोन्ही मिटून. मध्येच तो विचारायचा, बैल कुठे आहे, झाड गाडीच्या अलीकडे की पलीकडे. फोटोत ते सगळं एकावर एक दिसतं, म्हणाला, काही कळत नाही. ती सांगायची. अलीकडे. थोडं अजून अलीकडे. बैलाचं शिंग फांदीच्या आत गेलेलं नाही, फांदी पार मागे आहे.

असं करत करत ती चाकापाशी आली.

"बाबा अन् चाक," देवीदासने विचारलं, "मधात किती जागा आहे?"

मालतीने लगेच उत्तर दिलं नाही. तिने नीट पाहिलं. चाकाची लोखंडी धाव उन्हात चमकत होती, आणि तिच्या अलीकडे, भगवंतरावांच्या उजव्या खांद्यापाशी, थोडी जमीन मोकळी होती. तिथे गवत होतं आणि सकाळचं ऊन होतं.

"तुमी उभे राहाल एवढी," ती म्हणाली.

त्याचे डोळे मिटलेलेच होते. बाकावर बसल्या बसल्या तो जरासा पुढे सरकला.